ओल्या डोंगरावरचं कुंकू

आमच्या घरात माणसांचे दोनच प्रकार आहेत. एक कामात असलेली आणि दुसरी रिकामी.

तळेगावला भर रस्त्यावर खाली आमचं दुकान आणि वर घर. धान्य, गुरांची ढेप, सरकी, जवस, तीळ असा सगळा माल. सकाळी शटर वर गेलं की दुकानात उभा असलेला माणूस कामात धरला जातो. त्याला जेवायला हाक मारायची तीसुद्धा गिऱ्हाईक गेल्यावर, जिन्यात दोन पायऱ्या उतरून, हळू आवाजात. पाहुणे आले तरी त्यांना बसवून ठेवायचं, पण काट्यासमोरच्या माणसाला उठवायचं नाही. मी मात्र गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ब्रश हातात घेऊन उभी असले, कोपरापर्यंत रंगाने माखलेली असले, तरी रिकामी. कुणीही खालून ओरडावं, "अवं, ये ना खाली!" आणि मी कुरकुरले की उत्तर ठरलेलं, "रिकामीच तं होती."

हा शब्द आमच्या घरात आणला तो माझ्या सासऱ्यांनी. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. ऐंशी ओलांडली तरी शटरचं कुलूप रोज स्वतः उघडतात. गल्ल्यावर आता आमचे हे बसतात. मामाजी बाजूच्या खुर्चीत बसून पोत्यांकडे आणि माणसांकडे बघतात, आणि कोण कामात आहे नि कोण रिकामं ते ठरवतात. स्वभावाने वाईट नाहीत. सुनेला कधी तोडून बोलले नाहीत. पण माझ्या चित्रांना ते 'तुझं ते' म्हणायचे. "तुझं ते झालं का?" म्हणजे स्वेटर विणून झाला का, अशा सुरात. मी तापट बाई आहे, मला ते 'तुझं ते' आणि ते 'रिकामी' फार लागायचं. चित्राला कुणी छान म्हणावं अशी माझी हाव नव्हती. मला एवढंच हवं होतं, की मामाजींनी त्याला एकदा तरी काम म्हणावं.

आणि यात नुसता मानपानाचा प्रश्न नव्हता, चित्राचाच जीव जायचा.

मी तैलरंगातली निसर्गचित्रं करते ती जुन्या, थरांच्या पद्धतीने. ती शिकले बोरगाव मेघेला. मुलीच्या बाळंतपणासाठी मी तिथे राहिले होते, आणि शेजारच्या गल्लीत एक निवृत्त ड्रॉइंगचे सर मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे. बाळ झोपलं की मी पदर खोचून तिकडे. पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हाला पवनारला नेलं, धाम नदीच्या खडकांवर बसवलं आणि सांगितलं, "रंगाचं नाव काढायचं नाही. फक्त उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढं बघा." मी मनात म्हटलं, रंग शिकायला आले आणि हा माणूस रंगाचंच नाव काढू देत नाही! पण पद्धतच तशी होती. आधी सगळं चित्र एका तपकिरी रंगात आणि पांढऱ्यात करायचं. झाड, पाणी, डोंगर, सगळं मातीच्या रंगाचं. याला अंडरपेंटिंग म्हणतात, मी आपलं खालचं चित्र म्हणते. ते खडखडीत वाळलं की त्यावर तेलात कालवलेला पारदर्शक रंग अगदी पातळ पसरायचा. तो ग्लेझ. लहानपणी गोळीचा रंगीत कागद डोळ्यावर धरून आपण अंगण बघायचो ना, तसं खालचं सगळं दिसतं, फक्त रंग बदलतो. एक थर वाळला की दुसरा, मग तिसरा.

गोम अशी की ग्लेझ लावला की तो अर्धवट सोडून उठता येत नाही. पसरायचा, मऊ फडक्याने कुठे टिपायचा, कुठे पुसायचा, उजेडाच्या जागी जवळजवळ सगळा काढून घ्यायचा, आणि हे सगळं तो चिकट व्हायच्या आत. त्या वेळात खालून "चहा टाक वं, पाहुणे आले" अशी हाक आली की संपलं. पाहुण्यांना चहा, मग पोहे, मग त्यांच्या मुलीच्या सोयरिकीची चौकशी. परत वर येऊन बघावं तर आकाशात ब्रशाचे फराटे आवळून बसलेले, आणि कापसाचे दिवस असले तर त्यावर तंतू चिकटलेले. असं मी किती आकाशांचं वाटोळं केलं त्याची मोजदाद नाही. जिन्यातून तणतणत उतरायची आणि ह्यांना सुनवायची. हे बिचारे म्हणायचे, "मले काय माहीत वं, तुझं आभाळ ओलं हाय म्हणून?"

मामाजींना माझ्या चित्रातली एकच गोष्ट कळायची, आणि ती म्हणजे तेल. ग्लेझमध्ये पडतं ते जवसाचं तेल. कुरिअरवाल्याने पहिल्यांदा माझी बाटली दुकानात आणून दिली तेव्हा मामाजींनी ती उघडली, हुंगली, बोटावर घेऊन चोळली, आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे, हे तं जवसाचं तेल हाय! घरात जवसाची पोती पडून हायेत, अन् सूनबाई कुरिअरनं तेल बोलावून राह्यली!"

सगळं दुकान हसलं. मी सांगायला गेले की हे साफ केलेलं असतं, चित्रासाठीचं असतं, पण ऐकतो कोण! दोन दिवसांनी त्यांनी तेलघाणीवरून ताजं तेल काढून आणलं आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. "हे लावून पाह्य. नाई वाळलं तं सांगजो."

मी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ते लावून दिलं. मामाजींनी तो तुकडा दुकानाच्या ओट्यावर उन्हात ठेवला आणि रोज सकाळी अंगठा दाबून बघायला लागले. पुठ्ठ्यावर भुसा चिकटला, तिळाचे दाणे चिकटले, कुणाच्या तरी शर्टाची बाही चिकटली. तेल काही वाळेना. मला आतून गुदगुल्या होत होत्या. "मामाजी, वाळलं का?" मी मुद्दाम विचारायची. "दम धर जराशीक," ते म्हणायचे. शेवटी एकदाचं ते वाळलं, चांगलं घट्ट, पण पिवळं धमक. मामाजींनी त्यावर नख घासून पाहिलं आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. "घरचं जवस हाय, वाळणार नाई तं काय करीन!" तेव्हापासून त्यांना एक सवयच लागली. माझं कुठलंही चित्र खाली आणलं की कडेला अंगठा दाबून बघायचं, वाळलं की नाही. चित्रात काय आहे ते बघायचे नाहीत. वर खोलीत मात्र ते कधी आले नव्हते. गुडघे धरलेत त्यांचे, गच्चीचा जिना उंच आहे, आणि तुझं ते बघायला कोण चढणार?

मागच्या पावसाळ्यात मी मनावर घेतलं ते गच्चीवरून दिसणारं दृश्य. समोर कपाशी, तिच्या मधल्या तासांत म्हणजे ओळींत तूर, त्यापलीकडे संत्र्यांचे बगीचे आणि सगळ्यांच्या मागे सागाचा डोंगर. डोंगर म्हणजे काही मोठा नाही, आमच्याकडे उंचवट्यालाही डोंगरच म्हणतात. पण दुपार कलली की तो असा काही जांभळा होतो, की हातातलं काम सोडून मी बघत बसते. खालचं चित्र करायलाच मला आख्खा श्रावण लागला. धान्य वाळत टाकायला वर आलेल्या शेजारणीने ते तपकिरी चित्र पाहून विचारलं, "ताई, हे जळून गेलं का वं?" मी म्हटलं, "नाई, अजून शिजायचं हाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीच्या दुपारी मी त्यावरचा महत्त्वाचा ग्लेझ लावला. अल्ट्रामरीन निळा, त्यात क्रिमसन लाल रंगाचा जरासा अंश आणि भरपूर तेल. गावात सोयाबीन काढणं चालू होतं, थ्रेशरची धूळ सगळीकडे, म्हणून खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीत फडकं कोंबलं. घरातले सगळे दुकानाच्या साफसफाईला लागले होते, त्यामुळे मला कुणी हाक मारली नाही. रंग पसरला, मामाजींच्या जुन्या धोतराच्या तुकड्याने टिपत गेले, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो मातीचा उंचवटा मागे सरकला. खरंच सरकला! कोसभर लांब गेला आणि मध्ये हवा आली. मी खोलीत एकटीच होते, तरी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. आता फक्त हात न लावता वाळू द्यायचं होतं. दार ओढून घेतलं आणि पुरणाच्या तयारीला खाली उतरले.

दसऱ्याला आमच्याकडे पूजा असते ती कामाच्या वस्तूंची. मामाजी आंघोळ करून, ताट घेऊन निघतात. इलेक्ट्रॉनिक काटा, त्याच्याशेजारी मुद्दाम काढून ठेवलेला जुना लोखंडी तराजू, वजनं, पोत्यात खुपसून धान्य बघायची परखी, पोती शिवायचा दाभण, ह्यांची मोटरसायकल, माल आणायची गाडी. प्रत्येकाला हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मग त्या दिवशी त्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात येऊन ते मिक्सरला आणि गॅसलाही लावतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, ताट गच्चीचा जिना कधी चढलं नाही.

त्या दिवशी मी पुरणात बुडालेली होते. जेवणं झाली, सोनं वाटायला माणसं येऊन गेली, आणि उन्हं कलताना मी जरा चित्राला बघून येऊ म्हणून वर गेले. दाराच्या फटीतलं फडकं बाजूला पडलं होतं. दार उघडलं आणि मी किंचाळलेच.

माझ्या ओल्या डोंगराच्या मधोमध हळदीकुंकवाचा भला मोठा टिळा होता. हळद तेलात विरघळून चारी बाजूंनी पसरली होती, डोंगराला कावीळ झाली होती. आकाशात तांदळाचे दाणे चिकटलेले. कपाशीच्या शेतात झेंडूच्या पाकळ्या. ब्रशाच्या बरणीला कुंकू, पॅलेटला कुंकू, टर्पेंटाइनच्या डब्याला कुंकू, इझलच्या तिन्ही पायांना कुंकू.

"कोणं केलं हे?" मी जिन्यात येऊन ओरडले. सणाचा दिवस, खाली माणसं, मला कशाचं भान नव्हतं. "माझ्या चित्राले हात कोणं लावला?"

आमचे हे धावत वर आले, चित्र पाहिलं आणि शहाण्या माणसासारखे भिंतीला चिकटून उभे राहिले. त्यांच्या मागून, एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून मामाजी आले. धाप लागली होती.

"मी लावलं," ते म्हणाले. "काऊन, काय झालं?"

"मामाजी, ओलं होतं ना ते!"

"ओलं कसं? म्या अंगठा लावून पाह्यला. वाळलेलं होतं." आणि त्यांनी चित्राचा खालचा कोपरा दाखवला. तिथे चित्र धरता यावं म्हणून मी ग्लेझ लावलाच नव्हता. तो कोपरा वाळलेलाच होता.

माझा पारा काही उतरेना. "ब्रशाले लावलं ते ठीक हाय, पण चित्राले कायले लावायचं?"

मामाजी जरा गोंधळले. त्यांनी चित्राकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आता मले काय माहीत, यातलं औजार कोणतं अन् माल कोणता? कामाची वस्तू म्हणून सगळ्याले लावलं."

कामाची वस्तू. हे माझ्याकडे बघत होते, त्यांनाही कळलं होतं. मामाजींना मात्र काहीच कळलं नव्हतं. ते आपले तांदळाचा एक दाणा नखाने काढायला गेले, तो निघाला नाही, तेव्हा हात धोतराला पुसला. सकाळी हा माणूस ते दुखरे गुडघे घेऊन, हातात ताट सांभाळत, कुणाला न सांगता हा जिना चढला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं, कारण समोर तो कावीळ झालेला डोंगर होता. मी रंगाच्या डब्यावर बसले आणि पोट धरून हसले, रडले, दोन्ही. इतका आनंद मला पोरीच्या निकालाच्या दिवशी झाला होता, त्यानंतर आत्ताच.

"चाल बाबा खाली," मामाजी ह्यांना म्हणाले, "इचं डोकं तपलं हाय."

संध्याकाळी मी सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला आणि आधी बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू आलं. मग म्हणाले, "घाबरू नका. खालचं चित्र पक्कं आहे, त्याला काही होत नाही. वरचं सगळं पुसून घ्या आणि पुन्हा लावा."

पुसून घ्या! दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतराचा तुकडा टर्पेंटाइनमध्ये भिजवून डोंगरासमोर उभी राहिले आणि माझा हातच उचलेना. कुंकू पुसायचं, तेही सणाचं, तेही सवाष्णीने, आणि तेही एवढ्या वर्षांनी वर चढून आलेलं. एरवी मी असल्या गोष्टी मानत नाही, वाद घालते. पण हात उचलेना त्याला काय करणार? खाली जाऊन मामाजींसमोर उभी राहिले. ते काट्यावरची फुलं काढत होते.

"मामाजी, चित्रावरचं कुंकू पुसावं लागते. नाई तं काम पुढं जात नाई."

"मंग पुस ना."

"तुम्ही लावलेलं हाय..."

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधखुळीच आहे. मग हातातल्या फडक्याने काट्याच्या ताटलीवरचं हळदीकुंकू खसखसून पुसलं, ताटली उलटी करून फुंकर मारली, आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाची तूर तिच्यात ओतली. "पूजा काल झाली," ते म्हणाले. "कुंकू लागलं म्हणून कोणी दुकान बंद ठेवते का? पुस, अन् कामाले लाग."

मी जिना कशी चढले मला आठवत नाही. पुसायला घेतलं तर सगळं निघालं, तांदूळसुद्धा. हळदीची पिवळी झाक राहिली होती, पण हळदीचा डाग उन्हाला घाबरतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चित्र गच्चीवर उन्हात ठेवलं, तो डागही गेला. डोंगराच्या मधल्या घळीत कुंकवाचा लालसरपणा तेवढा राहिला. तो मी राहू दिला, त्यावरून निळा थर गेला आणि ती घळ अशी उबदार झाली की क्रिमसन ओतूनही मला जमली नसती. त्या दुपारी ग्लेझ लावताना मी गुणगुणत होते. ब्रश पडेल तिथे बरोबर पडत होता, पुसेन तिथे उजेड येत होता, आणि खालून एकही हाक आली नाही.

इथे सगळं गोड गोड संपलं असतं, पण मामाजी व्यापारी माणूस आहेत. एकदा काम म्हटलं की त्याला कामाचे सगळे नियम लागू.

दसऱ्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी सकाळी निवांत चहा पीत बसले होते, तर खालून आवाज आला, "सूनबाई, शटर वर गेलं!" मला वाटलं दुकानात काही हवंय. कठड्यावरून वाकून पाहिलं तर मामाजी वर बघून विचारतायत, "तू अजून खालीच? तुई खोली कवा उघडते?"

तेव्हापासून रोज. खालचं शटर वर गेलं की माझं टिनाचं दार उघडलं पाहिजे. एकदा म्हटलं, "मामाजी, आज मन लागत नाई." तर म्हणाले, "मन लागत नाई म्हणून म्या कधी दुकान बंद ठेवलं का?" थंडी पडली, रजईतून निघवेना, मावशीच्या नातवाचं बारसं होतं, सगळी कारणं सांगून झाली. आमचे हे मिशीत हसतात. "घे," म्हणतात, "काम पाह्यजे होतं ना तुले?"

परवाचीच गोष्ट. मी नव्या चित्रावर पिवळा ग्लेझ पसरत होते, संत्र्याच्या बगीच्यावर सकाळचं ऊन. इतक्यात खाली स्कूटी थांबली आणि ओळखीचा आवाज आला. माझी जुनी मैत्रीण, आर्वीला दिलेली. महिनोन्महिने येत नाही, आणि येते तेव्हा सगळ्या तालुक्याच्या बातम्या घेऊन येते. तिच्या भाचीने घरच्यांना न विचारता लग्न केल्याचं मला उडत उडत कळलं होतं, त्याचा तपशील फक्त हिच्याकडे. मी ब्रश हातात घेऊनच कठड्याशी धावले.

"ताई घरी हाय का, काकाजी?" ती विचारत होती.

"हाय ना," मामाजी म्हणाले. "पण कामावर हाय. आता नाई भेटणार. दुपारी येजो."

मैत्रिणीने चकित होऊन वर पाहिलं. मी कठड्यावरून वाकलेली, तोंडाशी आलेली हाक तशीच. एक शब्द टाकला असता तर ती दोन मिनिटांत वर आली असती, किंवा मीच खाली गेले असते. ती भाची, ते लग्न, आणि तिच्या पिशवीत नक्की असलेली संत्र्याची बर्फी! मामाजी खुर्चीत ताठ बसले होते, पोत्यांकडे बघत.

मी तिला नुसता हात हलवला, दुपारी ये अशी खूण केली, आणि ग्लेझ चिकट व्हायच्या आत आत गेले.